जुन्या बंगल्याची वजाबाकी

पन्नासच्या दशकात उल्हासनगरच्या बराकींत बसून माणसांनी आपापल्या हवेल्यांची किंमत कागदावर लिहून दिली. हवेल्या होत्या शिकारपूरला, कराचीला, सिंधमधल्या हैदराबादला. लिहिणारे होते कल्याणच्या लष्करी छावणीत. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या या छावणीत फाळणीनंतर लाखाच्या घरात सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले आणि पुढच्याच वर्षी विस्थापितांचे दावे तपासण्याचा कायदा आला. पश्चिम पाकिस्तानात मागे राहिलेल्या घरांची, दुकानांची, गोदामांची किंमत सांगा, पुरावा जोडा, सरकार तपासणी करील, असा तो कायदा होता.

मूल्यांकनाचा धंदा करणाऱ्यांनी या प्रकाराचा विचार जरूर करावा. घर पाहता येत नाही, मोजता येत नाही, आणि ज्या गावात ते आहे तिथला बाजारच उलटापालटा झालेला. हातात काय, तर घरपट्टीची एखादी पावती, जुने खरेदीखत, शेजाऱ्याची साक्ष. छतावर वारा पकडणारे मंघ होते, अंगणात विहीर होती, हे सांगून आकडा वाढत नसे. पुढे १९५४ च्या भरपाई कायद्याने दाव्याची रक्कम मंजूर झाली तरी ती पूर्ण मिळणार नव्हती. दावा जितका मोठा, तितका मिळणारा टक्का कमी. शिवाय सरकारी खोली घेतली असेल तर तिची किंमत त्यातून वळती. म्हणजे एकाच हवेलीचे तीन आकडे झाले: मालकाने लिहिलेला, अधिकाऱ्याने मान्य केलेला आणि प्रत्यक्ष पदरात पडलेला. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे होते.

आजच्या जुन्या घरांचेही असेच. उल्हासनगरची हद्द ओलांडून अंबरनाथकडे आलो की मोरिवली. मूळचे गाव, मग पाडा, मग चिखलोली-मोरिवलीचा एमआयडीसीचा पट्टा, आणि आता या सगळ्याच्या मध्ये घुसलेल्या सात-सात मजली इमारती. अशा भागात आणि पुढे बदलापूरपर्यंत अधूनमधून एखादे मोठे, सुटे, जुने घर अजून उभे दिसते. चारही बाजूंनी मोकळी जागा, काळ्या दगडाचे जोते, पुढे पडवी, वर मंगलोरी कौले, मागे विहीर, कोपऱ्यात नोकरांसाठी बांधलेल्या आणि पुढे भाड्याने दिलेल्या दोन खोल्या. १८५० च्या दशकात रेल्वे कल्याणहून खोपोलीकडे गेली, १९२० च्या दशकात अंबरनाथला विम्कोचा काडेपेटीचा कारखाना निघाला, नंतर आयुध निर्माणी आली. या प्रत्येक लाटेने काही सुखवस्तू घरे मागे ठेवली. आज त्यांत बहुधा एक म्हातारे जोडपे राहते आणि बाकीचे वारस ठाण्याला, पुण्याला, न्यू जर्सीला असतात.

या घराचे किती येतील? हा प्रश्न चहा घेता घेता विचारला जातो आणि त्याचे उत्तरही तिथेच मिळते. कोणीतरी शेजारच्या प्लॉटचा गुंठ्याचा भाव सांगतो, दुसरा त्याला गुंठ्यांनी गुणतो, आणि आलेला आकडा कुटुंबात दहा वर्षे फिरत राहतो. पुढची सगळी भांडणे त्या आकड्याशी होतात.

चांगला मूल्यांकनकार आधी उलट विचारतो: किंमत कशासाठी हवी? कर्ज काढायचे असेल तर बँकेला तीन आकडे लागतात: बाजारमूल्य, वसूल होऊ शकणारे मूल्य आणि घाईने विकावे लागले तर मिळणारे मूल्य. विमा उतरवायचा असेल तर जमीन बाजूलाच राहते, कारण जमीन जळत नाही. तिथे तेवढेच घर आज पुन्हा बांधायला किती लागेल एवढाच प्रश्न. मुद्रांक शुल्काला वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे बोलीतला रेडी रेकनर. आयकराला आजची किंमत पुरत नाही, १ एप्रिल २००१ रोजी काय किंमत होती तेही लागते. आणि वाटणी करायची असेल तर सगळ्यांत अवघड, कारण तिथे घेणारा आणि देणारा एकाच घरातले असतात. हेतू आणि तारीख नसलेला मूल्यांकनाचा कागद मी तरी वाचून बाजूला ठेवतो.

मग कागद. जुन्या घराच्या किमतीतला मोठा घास कागदच खातात, भिंतींची पाळी नंतर येते.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. नगर भूमापन झाले असेल तर मालमत्ता पत्रक असते, त्याला सगळे प्रॉपर्टी कार्डच म्हणतात. ते नसेल तर लोक ग्रामपंचायतीच्या काळातला नमुना आठचा उतारा पुढे करतात. तो कर आकारणीचा कागद. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. गावठाणाबाहेरचे घर असेल तर जमीन बिनशेती झाली आहे का, भोगवटादार वर्ग एक की दोन, कुळकायद्याची काही नोंद आहे का, हे फेरफार काढून बघावे लागते. वर्ग दोन असेल तर विकण्याआधी सरकारी परवानगी आणि नजराणा, म्हणजे किमतीतून थेट वजाबाकी.

मोजणीचेही तसेच. कार्डावर १,२१४ चौरस मीटर, म्हणजे बारा गुंठे. जागेवर भूमी अभिलेखचा मोजणीदार येतो आणि कळते की पुढचा रस्ता केव्हातरी सरकला आहे, मागच्या शेजाऱ्याचा संडास दीड मीटर आत आहे, आणि विहिरीवर दोघांचा हक्क आहे. प्रत्यक्ष कब्जात अकरा गुंठे. भाव नेहमी कब्जातल्या जागेला मिळतो.

तिसरा प्रश्न वारसांचा. आजोबांनी स्वतःच्या कमाईने बांधलेले घर आणि मृत्युपत्र नाही, अशा स्थितीत मुलींना १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच हिस्सा होता. पण त्याच कायद्यात कलम २३ होते: कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मुलीला स्वतःहून मागता येत नसे, भावांनी आधी वाटणी करायला हवी. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने ते कलम गेले. वडिलोपार्जित सहदायिकी मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्कही त्याच दुरुस्तीने दिला, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. तरी अजून कित्येक घरांत ‘आत्याचं काय, तिला लग्नात दिलंय की’ हे वाक्य ऐकू येते. खरेदीदाराचा वकील मात्र शोध अहवालात पहिली खूण तिथेच करतो. आत्याची सही नसलेले घर आणि आत्याची सही असलेले घर या बाजारात दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीला गिऱ्हाईक मिळाले तरी ते असे असते की वादातली मालमत्ता स्वस्तात घेऊन वर्षानुवर्षे थांबण्याची त्याची तयारी असते.

कागद अडले की श्रीमंती उपयोगी पडत नाही, याचा मोठा दाखला मुंबईत आहे. ब्रीच कँडीचे लिंकन हाऊस वांकानेरच्या महाराजांनी १९३० च्या दशकात बांधले, १९५७ साली ते ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने अमेरिकेच्या वकिलातीकडे गेले, आणि २०१५ मध्ये सायरस पूनावाला यांनी ते ७५० कोटींना घेण्याचे ठरवले. रक्कम ठरली, बातम्या आल्या, आणि व्यवहार जमिनीच्या हक्कावरून सरकारदरबारी वर्षानुवर्षे अडकला. ७५० कोटी ही त्या बंगल्याची किंमत होती का, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, ती एका अटीची किंमत होती.

आपल्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांतले भाडेकरूही याच सदरात येतात. साठ-सत्तर रुपये भाडे, तेही मनीऑर्डरने. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण साठ रुपयांवर चार टक्के म्हणजे दोन रुपये चाळीस पैसे. भाडेकरू वारला तर सोबत राहणारा घरातला माणूस भाडेकरू होतो. उत्पन्नावरून किंमत काढायची रीत इथे लावली तर त्या दोन खोल्यांची किंमत जवळजवळ शून्य येते. रिकाम्या करून घ्यायच्या म्हटले तर त्याच खोल्या लाखोंच्या होतात. ते लाख मालकाच्या खिशातून भाडेकरूकडे जातात, एवढाच फरक.

कागद संपले की जमीन. आणि इथे अंबरनाथ-बदलापूरचा नकाशा जवळ घेऊन बसावे लागते, कारण अर्ध्या किलोमीटरात भाव बदलतो आणि कारण नेहमी दिसेलच असे नाही.

अंबरनाथचे वालधुनी नदीकाठचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे. शिलाहारांच्या काळातले हे मंदिर केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. स्मारक कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय करता येत नाही. शंभर मीटरांच्या आत १६ जून १९९२ पूर्वीचे घर असेल तर परवानगीने दुरुस्ती करता येते, पाडून टॉवर बांधता येत नाही. म्हणजे त्या वर्तुळातल्या जुन्या घराला विकासक येणारच नाही. ज्याला तसेच राहायचे आहे तोच येईल. गंमत अशी की याच कारणाने तिथले जुने घर घर म्हणून जगण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. भाव मात्र गुंठ्याच्या गुणाकाराने लावू नये.

दुसरी रेषा पाण्याची. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्या घरांत शिरल्या. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात उभी राहिली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावे लागले. पाटबंधारे खाते नदीकाठी निळी आणि लाल रेषा आखते: निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये अटी. रेषा कागदावर शोधायची, पण मी आधी घराच्या मागच्या भिंतीजवळ जाईन. रंगाखाली एका उंचीवर चुना फुगलेला असतो, दाराच्या चौकटीचे लाकूड त्याच उंचीपर्यंत काळवंडलेले असते, आणि घरातल्या बाई न विचारता सांगतात, ‘पाणी इथवर होतं, गॅसची शेगडी वर माळ्यावर नेली होती.’ ही पूररेषा कुठल्याही नकाशापेक्षा लवकर समजते.

मोरिवलीत आणखी एक गोष्ट धरावी लागते: कारखान्यांचे सान्निध्य. पूर्वी ते फायद्याचे मानत, कारण कामगार भाडेकरू मिळत. आता राहायला फ्लॅट घेणारे कुटुंब रात्री येणाऱ्या वासाबद्दल विचारते. म्हणून मूल्यांकनाला दुपारी गेलात तर एकदा रात्री नऊनंतरही जाऊन यावे. उलट बाजूला, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्थानकाचे काम चालू आहे, आणि दलालाच्या तोंडी ते स्थानक केव्हाच सुरू झालेले आहे. भविष्यातल्या सोयीची किंमत आज द्यायची की नाही हा वाद जुना आहे. विशाखापट्टणमच्या बंदराजवळच्या एका जमिनीत झरा होता. ती संपादन करताना झऱ्याच्या संभाव्य उपयोगाचे पैसे द्यायचे का, हा प्रश्न लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९३९ साली उत्तर आले: द्यायचे, पण शक्यतेचे द्यायचे. ती शक्यता प्रत्यक्षात उतरली आहे असे धरून नाही. चिखलोलीलाही हेच लागू.

आता रस्त्याची रुंदी. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि गावठाणाबाहेरच्या भागाला १.१ हा मूळ चटई निर्देशांक, म्हणजे एफएसआय, मिळाला. त्यावर शुल्क भरून प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) घेता येतो, पण रस्ता नऊ मीटर हवा. आठ मीटरच्या गल्लीतला बंगला आणि नऊ मीटरच्या रस्त्यावरचा बंगला सारखाच देखणा असला तरी विकासकाच्या वहीत ते दोन वेगळ्या पानांवर असतात. म्हणून टेप घेऊन रस्ता मोजावा. ‘नऊचाच आहे, काका’ यावर विसंबू नये.

विकासक किंमत कशी काढतो, ते एकदा त्याच्याच रीतीने करून पाहू. पुढचे दर केवळ हिशेबापुरते धरलेले आहेत. पूर्ण बारा गुंठे कब्जात आहेत असे धरू, म्हणजे १,२१४ चौरस मीटर. प्रीमियम आणि टीडीआर बाजूला ठेवू. मूळ १.१ ने १,३३५ चौरस मीटर. त्यावर निवासी वापरासाठी ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र, तेही शुल्क भरून. एकूण सुमारे २,१३६ चौरस मीटर, म्हणजे २३,००० चौरस फूट बांधकाम. त्यातून विकता येणारा कार्पेट १७,२५० फूट धरू. फुटाला साडेसात हजार मिळाले तर विक्री १२ कोटी ९४ लाख.

आता काढत जायचे. बांधकाम फुटाला अडीच हजाराने ५ कोटी ७५ लाख. शुल्के, आर्किटेक्ट, मंजुऱ्या ९० लाख. व्याज आणि विक्रीचा खर्च १ कोटी १० लाख. विकासकाचा नफा विक्रीच्या १८ टक्के, म्हणजे २ कोटी ३३ लाख. उरले २ कोटी ८६ लाख. एवढेच तो जमिनीला देऊ शकतो. त्यातून मागच्या दोन भाडेकरूंना चारशे-चारशे फुटांची घरे दिली की साठ लाखांची विक्री गेली, तीन वर्षांचे बाहेरचे भाडे महिना दहा हजाराने सात लाख. राहिले २ कोटी १९ लाख. शेजारच्या मोकळ्या दोन गुंठ्यांच्या बंगला-प्लॉटचा भाव बाराने गुणून घरात जो आकडा फिरत असतो, तो याच्या कितीतरी वर असतो. छोट्या प्लॉटचा गुंठा नेहमी महाग, कारण तो परवडणारी माणसे जास्त.

या गणितातली खरी भानगड वेगळीच आहे. फ्लॅटचा भाव फक्त दहा टक्के उतरला असे धरा. विक्री ११ कोटी ६४ लाख होते, नफा थोडा कमी होतो, पण बांधकामाचा खर्च तसाच राहतो. जमिनीला उरतात १ कोटी ७९ लाख. दहा टक्क्यांच्या घसरणीने जमीन सदतीस टक्के पडली. उलट तेजीत हेच गणित मालकाला आभाळाला नेते. म्हणून अशा घराची किंमत एका आकड्यात सांगणारा माणूस एक तर घाईत असतो किंवा त्याला घर घ्यायचे असते.

आणि घर? एवढ्या सगळ्यात ते कुठे गेले?

रूढ पद्धतीत ते फारसे कुठे नसते. २,८०० फुटांचे घर आज बांधायला सत्तर लाख लागतील, वय नव्वदच्या पुढे, आयुष्य संपले, म्हणून दहा टक्के भंगारमूल्य: सात लाख. एका ओळीत विषय मिटतो. मला ही ओळ आळशी वाटते. निदान काठी घेऊन घरभर फिरावे.

खांब आणि तुळया ठाणे जिल्ह्यातल्या सागाच्या असतील तर त्यांची मोजणी घनफुटात होते. आठ इंची चौरस, दहा फूट उंच खांब म्हणजे सुमारे साडेचार घनफूट. असे चोवीस खांब म्हणजे १०७. सहा बाय नऊची चौदा फुटी तुळई सव्वापाच घनफूट. तीस तुळया म्हणजे १५७. पण ही झाली पाहण्याची मोजणी. तुळई भिंतीत जिथे घुसते तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहायचा. मध्ये टणटणीत असलेली तुळई टोकाला भुसभुशीत लागते, कारण गळके कौल नेमके भिंतीवर ओल सोडते आणि वाळवी तिथूनच शिरते. दोन्ही टोकांचा फूट-दीड फूट कापून, जुने खिळे असलेला भाग सोडून जे उरते तेच वखारवाला विकत घेतो. २६४ चे २०० झाले, दोन हजाराचा दर धरला तर चार लाख. पाडणारा कंत्राटदार हे गणित दारातून आत येतानाच करतो. म्हणूनच काही घरांना तो पाडण्याचे पैसे मागतो आणि काही घरांसाठी उलट मालकाला पैसे मोजतो.

वय ठरवायलाही घरच मदत करते. कौल उलटे करावे. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धानंतर तो धंदा कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला. कौलावरचा छाप त्यामुळे घराच्या जन्माचा अंदाज देतो, अर्थात नंतर बदललेली कौले वगळून. नक्षीदार सिमेंटच्या लाद्या भारत टाइल्सच्या असतील तर त्या १९२२ च्या आधीच्या नाहीत. माळ्याखालच्या लोखंडी गर्डरवर डोरमन लाँगचे नाव उमटलेले सापडले तर ते लोखंड इंग्लंडहून आलेले. हे सगळे अहवालात लिहिले तर वाचणाऱ्याला कळते की मूल्यांकनकार घरात गेला होता.

काही खरेदीदार या गोष्टींसाठी पैसे मोजतात. शूटिंगला, होमस्टेला, लग्नांना जुने घर हवे असणारे लोक वाढले आहेत. पण ते अलिबागला, सावंतवाडीला जास्त जातात. कारखान्यांच्या शेजारी असलेल्या मोरिवलीत असा ग्राहक अपवादाने येईल, आणि अपवादावर किंमत लावता येत नाही. शिवाय जुनेपणाला आणि नावाला बोली मिळाली म्हणजे घर वाचलेच असे नाही. होमी भाभांचा मलबार हिलवरचा ‘मेहरांगीर’ बंगला त्यांचे भाऊ जमशेद यांनी एनसीपीए या कलासंस्थेला ठेवला होता. जून २०१४ मध्ये त्याचा लिलाव ३७२ कोटींना झाला. त्याचे स्मारक व्हावे म्हणून मागण्या झाल्या, न्यायालयात याचिका झाल्या. २०१६ मध्ये बंगला पाडला गेला. खरेदीदाराने एवढी रक्कम कशासाठी मोजली हे त्यावरून समजावे.

आता कराचे, कारण तिथे अंदाज चुकला तर भुर्दंड रोखीत बसतो. २००१ पूर्वीपासून घराण्यात असलेल्या घराला १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते. मात्र त्या दिवशीचा मुद्रांक शुल्काचा दर उपलब्ध असेल तर त्याच्या वर जाता येत नाही. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर, महागाईचा निर्देशांक न लावता. ज्यांच्याकडे घर आधीपासून आहे अशा निवासी व्यक्तींना जुना हिशेब करून, म्हणजे निर्देशांक लावून २० टक्क्यांनी, जो कर कमी येईल तोच द्यावा लागतो. आपले २ कोटी १९ लाख घेऊ, २०२५-२६ ची विक्री, निर्देशांक ३७६. २००१ ची किंमत २० लाख निघाली तर नव्या रीतीने कर २४ लाख ८८ हजार, जुन्या रीतीने २८ लाख ७६ हजार; नवी बरी. २००१ ची किंमत ४० लाख निघाली तर नव्या रीतीने २२ लाख ३८ हजार, जुन्या रीतीने १३ लाख ७२ हजार. पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका आकड्याने सरचार्ज आणि सेस सोडूनही अकरा लाखांचा फरक पडला. न्यू जर्सीतल्या पुतण्याला मात्र हा पर्याय नाही, तो अनिवासी. एकाच घराच्या, एकाच किमतीच्या व्यवहारात त्याच्या हातात काकांपेक्षा कमी पडणार, आणि हे त्याला आधी सांगितलेले बरे.

रेडी रेकनरचेही एक लक्षात ठेवायचे. खरी किंमत त्याच्या खाली असू शकते, विशेषतः भाडेकरू, अरुंद रस्ता, पूररेषा अशी ओझी असतील तेव्हा. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक आयकर खाते सोडून देते. त्याहून जास्त फरक असेल तर विकणाऱ्याला न मिळालेल्या पैशांवर कर लागतो आणि घेणाऱ्यालाही नोटीस येते. अशा वेळी प्रकरण खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवा अशी मागणी करता येते, आणि तेव्हा पुराच्या खुणांचे फोटो, मोजणीचा नकाशा, भाडेपावत्या हे सगळे बाहेर काढावे लागते. तुलनेसाठी आसपासच्या व्यवहारांचे सूची क्रमांक दोन, बोलीत इंडेक्स टू, काढून जोडावेत. त्यातला आकडा पूर्ण खरा असतो का, हे वाचकाला मी सांगायला नको. पण कायद्याला दिसणारा आकडा तोच.

राहिली वाटणी. वारसांपैकी एकदोघांना घर ठेवायचे असते, बाकीच्यांना पैसे हवे असतात. ठेवणारा म्हणतो जमिनीचा भाव पडलाय, बाकीचे म्हणतात चिखलोली स्थानक होतेय. १८९३ चा वाटणी कायदा अजून जिवंत आहे. घराचे तुकडे पाडणे शहाणपणाचे नसेल आणि निम्मे किंवा त्याहून अधिक हिस्सा असलेल्यांनी विक्री मागितली, तर न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते, आणि बाकीच्यांना न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला त्यांचा हिस्सा विकत घेण्याची संधी मिळते. बाहेरच्याने एखाद्या भावाचा हिस्सा घेऊन राहत्या घराच्या वाटणीचा दावा लावला, तर घरच्यांना तो हिस्सा परत विकत घेता येतो. पण कोर्टात जाण्याआधी काही कुटुंबे एक साधा उपाय करतात. आधी मूल्यांकनकाराचा अहवाल सगळ्यांना दिला जातो, त्यातला सर्वांत खालचा आकडा पाया ठरतो, आणि मग ज्याला घर हवे त्याने संपूर्ण घराची आपली किंमत बंद पाकिटात लिहायची. जास्त लिहिणारा घर घेतो आणि त्याच आकड्याने बाकीच्यांचे हिस्से चुकते करतो. इथे कोणी भाव पाडायला बसत नाही, कारण कमी लिहिले तर घर जाते. पाकिटे उघडण्याआधी दोन गोष्टी कागदावर घ्याव्यात: पैसे किती महिन्यांत द्यायचे, आणि मागच्या खोल्यांतल्या भाडेकरूंशी तडजोड कोणाच्या खर्चाने व्हायची. हे दोन मुद्दे सोडले की भांडण पाकिटातून बाहेर येऊन पुन्हा पडवीत बसते.